समुद्रपुष्पाला किती भरवायचे?



शिष्यवृत्तीच्या अर्जापासून रेशनकार्डावरील नावाच्या दुरुस्तीपर्यंत नाना विषय या सदरात येऊन गेले. या आठवड्याचा विषय पाहून काही जण हसतील. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, तीत रंगीत मासे आणि माशांच्या सोबतीला समुद्रपुष्प. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे हे श्रीमंती कौतुक कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्यावर आमचे म्हणणे असे, की ही टाकी ज्याच्या दिवाणखान्यात असते तो ती कधीच धूत नाही. ती धुणारा मुलगा बहुधा आपल्याच वस्त्यांतून जातो. शिवाय २००३ साली 'फाइंडिंग निमो' नावाचा चित्रपट आला, तेव्हापासून लहान मुले नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो मासा मागू लागली ती अजून थांबलेली नाहीत. त्यांच्या आयांनीही हे वाचावे.

समुद्रपुष्प हे नावापुरतेच फूल आहे. तो एक प्राणी आहे. दुकानदार त्याला ॲनिमोन म्हणतात. जेलीफिश आणि प्रवाळ ही त्याची भावकी. बूड खडकाला चिकटलेले, वर मऊ चकती, चकतीच्या मधोमध तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखे डोलणारे तंतू. अन्न आत जाण्याची आणि घाण बाहेर पडण्याची वाट एकच. तंतूंमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीत विषारी धागा गुंडाळून ठेवलेला असतो. कोळंबीचे पिल्लू किंवा बारीक मासा तंतूंना लागला की धागे सुटतात, भक्ष्य लुळे पडते आणि तंतू त्याला तोंडाकडे ढकलतात.

असे असूनही क्लाऊन मासा याच तंतूंत घर करून राहतो. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर असा असतो, की समुद्रपुष्पाचे धागे त्याच्यावर सुटत नाहीत. समुद्रपुष्पांच्या हजारभर जाती आहेत, पण क्लाऊन मासा त्यांपैकी फक्त दहा जातींत राहतो. आपल्या देशात ही जोडी अंदमान, लक्षद्वीप आणि तामिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात सापडते. मासा समुद्रपुष्पाचे लचके तोडायला येणाऱ्या दुसऱ्या माशांना हुसकावतो, रात्री त्याच्यात पर हलवीत राहून पाणी खेळते ठेवतो आणि त्याची विष्ठा-मूत्र समुद्रपुष्पाला खत म्हणून उपयोगी पडते. मोबदल्यात त्याला विषारी कुंपणाचे घर मिळते.

या जोडीवर व्याख्याने झोडणारे लोक आम्ही ऐकले आहेत. 'पाहा, निसर्गात प्रत्येकजण आपापल्या जागी राहून कसा सुखी आहे!' असा त्यांचा सूर असतो. त्यांनी जरा पुढचेही सांगावे. एका समुद्रपुष्पात क्लाऊन माशांचा जो गट राहतो त्यात उतरंड असते. सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल एक नर, आणि बाकीचे सारे लहान. मोठ्यांच्या दडपणाखाली त्यांची वाढही खुंटून राहते. पण मादी मेली की खालचा नर स्वतः मादी होतो आणि उरलेल्यांतला सर्वांत मोठा मासा नराच्या जागी येतो. म्हणजे एकेक पायरी वर चढायची सोय तिथे आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. माशांच्या मनोऱ्याला निदान जिना आहे. तेव्हा जातिव्यवस्थेच्या समर्थनाला हा मासा उपयोगी पडणार नाही, हे त्या व्याख्यात्यांना नम्रपणे कळवतो.

आता मूळ प्रश्न. समुद्रपुष्पाला खायला किती घालायचे?

ज्या जातींत क्लाऊन मासा राहतो, त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ वस्तीला असते. त्यांचा तपकिरी किंवा हिरवट रंग बराचसा त्यामुळेच. झाडाचे पान जसे उजेडावर अन्न बनवते, तसे हे शेवाळ बनवते आणि त्यातले पुष्कळसे समुद्रपुष्पाला देते. म्हणून टाकीवर पुरेसा आणि योग्य प्रकारचा दिवा असणे ही त्याची पहिली भाकरी. कोळंबीचा तुकडा नंतर. दिवा कमी पडला किंवा पाणी फार तापले की शेवाळ निघून जाते आणि समुद्रपुष्प पांढरेफटक पडते. अज्ञानी माणसाला ते उलट अधिकच सुंदर दिसते! दुकानात असे पांढरे समुद्रपुष्प 'खास माल' म्हणून दाखवले, तर ते आजारी आहे असे समजावे.

दिवा व्यवस्थित असेल तर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, त्याच्या तोंडापेक्षा लहान असा कोळंबीचा किंवा माशाचा ताजा तुकडा पुरे. मसाला, मीठ, तेल लागलेला तुकडा अजिबात नको. चिमट्याने तो तंतूंवर हलकेच ठेवावा आणि त्याने तो स्वतः आत घेण्याची वाट पाहावी. तोंडात कोंबू नये. मोठा तुकडा दिला तर एक-दोन दिवसांनी तो अर्धवट कुजलेला बाहेर टाकतो आणि टाकीचे पाणी बिघडते. कधीकधी तो तोंडातून तपकिरी चिकट गोळा टाकतो, अंग आखडून लहान होतो आणि काही तासांनी पुन्हा फुलतो. ते त्याचे शौचास जाणे आहे, घाबरण्याचे कारण नाही. माशांना मात्र रोज थोडे खाणे लागते, दोन मिनिटांत संपेल एवढेच. क्लाऊन मासा पुष्कळदा मोठा तुकडा स्वतः न खाता ओढत नेऊन समुद्रपुष्पात टाकतो. तेव्हा माशाला दिलेले आणि समुद्रपुष्पाला दिलेले असे दोन्ही मिळून मोजावे.

अल्पाहारावर हा प्राणी किती जगतो याचे एक अस्सल उदाहरण आहे. १८२८ साली सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश अभ्यासकाने नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणले आणि काचेच्या बरणीत ठेवले. जात थंड पाण्यातली, अंगात शेवाळ नसलेली, त्यामुळे तिला सारे पोषण खाण्यातूनच मिळवायचे. तरीही तिला पंधरा दिवसांतून एकदा शिंपल्यातले अर्धे मांस मिळे, आणि पाणी नेमाने बदलले जाई. १८५१ साली डॅलिएल वारले. बरणी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. एडिंबरोचे लोक त्या समुद्रपुष्पाला 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई, म्हणू लागले. शेकडो पिल्ले घालून ती १८८७ साली मेली. एकोणसाठ वर्षे! मोटर नाही, वीज नाही. त्या बरणीपुढे आजच्या महागड्या टाक्यांनी मान खाली घालावी, कारण त्यांतील बहुतेक समुद्रपुष्पे काही महिन्यांतच मरतात.

त्याच काळातली दुसरी हकीकत आम्हाला अधिक मोलाची वाटते. १८४६ साली ॲना थिन नावाच्या लंडनच्या एका प्रतिष्ठित बाईंनी टॉर्की गावाच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि ते तीन वर्षे जगवले. समुद्राचे पाणी शहरात टिकवून दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण पाण्यात हवा मिसळावी कशी? तर घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, दररोज अर्धा ते पाऊण तास. आज जे काम मोटर करते ते तिचे दोन हात करीत होते. बाईंचे नाव इतिहासात राहिले. मोलकरणीचा उल्लेख 'मोलकरीण' एवढाच.

ही हकीकत आम्ही आमच्या वस्तीतल्या एका मुलाला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. बारावीनंतर त्याचे शिक्षण थांबले. गेली दोन वर्षे तो एका ठेकेदाराकडे टाक्या साफ करण्याच्या कामावर आहे. आठवड्याला पंधरा-वीस ठिकाणे, बादल्या आणि नळ्या खांद्यावर, लोकलने प्रवास. गेल्या वर्षी एका कार्यालयातील दोनशे लिटरच्या टाकीत समुद्रपुष्प मेले आणि त्यापाठोपाठ दोन दिवसांत चार मासे मेले. ठेकेदाराने 'तुझा निष्काळजीपणा' म्हणून त्याच्या पगारातून रक्कम कापली. वहिनी, म्हणजे त्याची आई, त्याला घेऊन आमच्याकडे आल्या. "काका, सांगितलं तेवढंच केलं हो मी," एवढेच तो म्हणत होता.

आम्ही पडलो जमाखर्चाची माणसे. म्हटले, वही काढ आणि काय काय घातले ते लिही. आधी पाणी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीत सात किलो. कार्यालयात दिवसभर वातानुकूलन, वरून टाकी उघडी, त्यामुळे रोज सुमारे दोन लिटर पाणी उडून जाई. उडते ते नुसते पाणी. क्षार जागेवरच राहतात. ठेकेदाराने सांगून ठेवले होते, 'समुद्राचे मासे आहेत, पातळी खाली गेली की खारे पाणीच भर.' मुलाने इमानेइतबारे तसेच केले. महिन्याला साठ लिटर खारे पाणी म्हणजे २,१०० ग्रॅम क्षार जादा गेले. सात किलोचे नऊ किलो शंभर ग्रॅम झाले. लिटरला ३५ ऐवजी साडेपंचेचाळीस! त्या महिन्यात जुने पाणी काढून टाकलेलेही नव्हते. मासा एवढे काही काळ सोसतो, समुद्रपुष्पाला ते सोसत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी क्षार नसलेले शुद्ध पाणीच घालायचे असते, हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नव्हते.

वहीचे दुसरे पान अन्नाचे. कार्यालयातले कर्मचारी गंमत म्हणून रोज कोळंबीचे तुकडे टाकीत होते. न खाल्लेला तुकडा कुजतो आणि माशांच्या शरीरातूनही अमोनिया बाहेर पडतो. हा अमोनिया विष आहे. टाकीतल्या दगड-वाळूवर वाढलेले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच, आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. ही जिवाणूंची पेढी नव्या टाकीत उघडायलाच महिना-दीड महिना लागतो. पेढी छोटी आणि भरणा मोठा झाला की शिल्लक राहते ती विषाची. म्हणून जाणकार लोक टाकी सहा महिने ते वर्षभर स्थिर चालल्याशिवाय समुद्रपुष्प आणत नाहीत. आणि समुद्रपुष्प मेले तर ते तात्काळ बाहेर काढावे लागते, कारण त्याचा मऊ देह काही तासांत कुजतो. या टाकीत ते शनिवारी मेले असावे. रविवार सुट्टीचा. मुलाची फेरी सोमवारी होती. मग माशांचे मरण कोणाच्या खाती मांडायचे?

तो कागद घेऊन मुलगा ठेकेदाराकडे गेला. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. पण क्षार मोजण्याचे साधन, हायड्रोमीटर, मात्र दुसऱ्याच आठवड्यात आले आणि 'खारे पाणी भर' हे फर्मान बंद झाले. पैशांचा पाठपुरावा आम्ही सोडलेला नाही.

या कामावर असलेल्या इतर मुलांसाठी आणखी काही. नळाचे पाणी सरळ टाकीत घालू नका, त्यात क्लोरीन असते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, समुद्री क्षारांचे तयार मिश्रण वेगळे मिळते आणि ते बादलीत पूर्ण विरघळवूनच टाकीत घालायचे. हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आणि पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश ठेवावे. समुद्रपुष्प जागा सोडून चालते. उजेड किंवा प्रवाह पसंत पडला नाही की बुडावर सरकत सरकत जाते आणि मोटरच्या तोंडात ओढले जाऊन त्याच्या चिंध्या होतात. म्हणून मोटरच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी बसवा. खडकाला चिकटलेले समुद्रपुष्प ओरबाडून काढू नका, बूड फाटले की ते क्वचितच वाचते. हातमोजे घाला, विशेषतः हाताला चीर असेल तर. आणि प्रत्येक फेरीला तारीख, क्षार, तापमान आणि काय खायला दिले हे वहीत लिहून ग्राहकाची सही घ्या. ही शेवटची गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. सही असलेली वही पगार वाचवते.

कायद्याचेही ध्यानात ठेवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे घातले गेले. त्यांची विक्री हा गुन्हा आहे. मालकाने 'एवढे पार्सल पोचवून ये' म्हटले तर आत काय आहे ते आधी विचारा. पकडला जातो तो पार्सल वाहणारा.

ज्या भगिनींच्या मुलांना निमोचा मासा हवा आहे, त्यांना आम्ही स्पष्टच सांगतो, समुद्रपुष्प घरात आणू नका. दिवा, मोटर, क्षार, शुद्ध पाणी हा खर्च दर महिन्याचा आहे आणि चाळीत वीज चार तास गेली तर सगळेच संपते. क्लाऊन माशाला टाकीत समुद्रपुष्पाची गरज नसते, त्याच्याशिवायही तो चांगला जगतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास हौदात करून दाखवली आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने असे बीज केंद्र उभारले. ज्यांना यात रोजगार शोधायचा आहे त्यांनी तिथे प्रशिक्षणाची चौकशी करावी. समुद्रपुष्पे मात्र बहुतेक समुद्रातूनच उचललेली असतात. आजीबाईसारखा पन्नास-साठ वर्षे जगू शकणारा जीव सहा महिन्यांच्या शोभेसाठी उपटायचा, हे पहिल्या शीलात बसते का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. इंग्लंडमध्ये १८५०च्या दशकात फिलिप गॉस या लेखकाच्या पुस्तकांमुळे घरोघरी अशा टाक्यांचे वेड पसरले. हौशी लोकांनी बादल्या भरभरून किनारे कसे ओरबाडून ओसाड केले, ते त्याच्याच मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली खेदाने लिहून ठेवले आहे.

मुलांना समुद्रपुष्प दाखवायचेच असेल तर मुंबईत त्याला पैसा पडत नाही. वरळी, हाजीअली, वांद्रे येथे खडकाळ किनारा आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला ओहोटी सर्वांत खोल असते आणि मुंबईत ती त्या दिवशी साधारण सकाळी सहा-सातच्या आणि पुन्हा संध्याकाळच्या त्याच सुमारास येते. पौर्णिमेची वंदना संध्याकाळी विहारात असते, तेव्हा सकाळची वेळ सोयीची. उघड्या खडकावर समुद्रपुष्प मिटून बसलेले असते, वाळू आणि शिंपल्यांचे कण चिकटलेला जेलीचा गोळा वाटतो. पाणी साचलेल्या डबक्यात मात्र ते फुललेले दिसेल. हात लावू नये. पकड असलेली पादत्राणे घालावीत, शेवाळावरून घसरायला होते. वर्तमानपत्रात भरती-ओहोटीच्या वेळा येतात, त्या आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात. पाणी वळायला लागले की मुलांना घेऊन लगेच मागे फिरावे, भरती बघता बघता पाठीमागून येते. पावसाळ्यात जाऊ नये.